ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती : युरोपातील लष्करी बंदुका (इ.स. १५०० ते १८००) आणि आजचे हौशी शिलेदार

बीजशब्द : ठासणीची बंदूक, तोडा, चकमक, प्रतिकृती, पुनरभिनय, नळीची कसोटी

प्रस्तावना

इ.स. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिगेडियर पीटर यंग यांच्या पुढाकाराने ‘द सील्ड नॉट’ ही संस्था स्थापन झाली. सतराव्या शतकातील इंग्लिश यादवी युद्धाच्या लढाया मूळ रणभूमीच्या आसपास, त्या काळच्या पोशाखात व शस्त्रांनिशी पुन्हा उभ्या करून दाखविणे हे या संस्थेच्या सभासदांचे कार्य होय. युरोप व अमेरिकेत ‘रीएनॅक्टमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमास प्रस्तुत लेखात ‘पुनरभिनय’ असे म्हटले आहे. प्रागजवळच्या बिला होरा येथे १६२० ची, जर्मनीत ल्युट्झेन येथे १६३२ ची आणि नेदरलँड्समधील ग्रोल येथे १६२७ च्या वेढ्याची अशीच पुनर्दृश्ये उभी केली जातात. अमेरिकेत १९७६ साली स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली, त्या सुमारास तर ही हौस एका मोठ्या बाजारपेठेचे रूप धारण करती झाली.

या सर्व मंडळींना बंदुका लागतात. मूळ बंदुका संग्रहालयांत किंवा श्रीमंत संग्राहकांकडे असतात. त्या चिखलात, पावसात नेऊन बार काढण्यासाठी कोणी देत नाही आणि देऊही नये. त्यामुळे प्रतिकृतींची निर्मिती हा एक स्वतंत्र उद्योग झाला. मात्र येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. प्रतिकृती हाताळून जे कळते ते मूळ बंदुकीविषयीचे ज्ञान मानावे काय? आणि प्रतिकृतीच्या नळीत खरी दारू पेटणार असेल, तर ती नळी फुटणार नाही याची हमी कोणी द्यावयाची? पहिला प्रश्न विद्वत्तेचा आहे आणि दुसरा शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांचा व बोटांचा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बंदुकीच्या रचनेत दडलेली असल्याने प्रथम त्या रचनेकडे वळणे इष्ट ठरेल.

परिभाषेविषयी थोडेसे

या विषयासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासून भरावयाची ती ‘ठासणीची बंदूक’. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अनेक घरांतून होत्या व काही ठिकाणी अजूनही आहेत. प्रस्तुत लेखकाच्या आजोळीही तशी एक होती. बार काढल्यानंतर त्याच संध्याकाळी नळीत गरम पाणी ओतून ती धुतलीच पाहिजे, असा तेथे दंडक असे. त्यामागचे शास्त्र लेखकास पुष्कळ वर्षांनी कळले. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घन अवशेष म्हणून मागे राहतो. हा अवशेष हवेतील ओलावा शोषतो आणि लोखंड खातो.

नळीच्या बुडाशी असलेले बारीक छिद्र म्हणजे बंदुकीचा ‘कान’. शत्रूच्या तोफा निकामी करण्यासाठी त्यांच्या कानांत खिळे मारीत, हा वाक्प्रयोग बखरवाचकांच्या परिचयाचा आहेच. कानाशेजारच्या लहानशा वाटीत ठेवलेली बारीक दारू ती ‘रंजक’. रंजक पेटली की तिची ज्वाळा कानातून आत शिरते व नळीतील मुख्य दारू पेटते. तीनशे वर्षांत युरोपीय बंदुकीत जे बदल झाले त्यांपैकी बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतात : रंजक पेटवावयाची कशी?

तोडा आणि त्याची शिस्त

पहिले उत्तर तोड्याचे होय. ताग किंवा अंबाडीसारख्या वाखाची दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविली की ती ज्वाळेविना, उदबत्तीप्रमाणे धुमसत राहते. हा तोडा एका वाकड्या लोखंडी दांडीच्या चिमट्यात धरून ती दांडी कळीने रंजकेवर टेकविण्याची युक्ती पंधराव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली. व्हिएन्ना येथील १४११ च्या एका हस्तलिखितात अशा दांडीचे चित्र आढळते. १५०३ मध्ये चेरिन्योला येथे स्पॅनिश सेनापती गोन्सालो दे कोर्दोबा याने खंदकाआड बंदूकधारी उभे करून फ्रेंच सैन्याचा पराभव केला. १५२५ मध्ये पाविया येथे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला, त्यातही बंदूकधाऱ्यांचा वाटा मोठा होता.

याच सुमारास पोर्तुगीज गोव्यात आले. येथील बंदूक घडविणारे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीचे आहेत, असा निर्वाळा आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१३ मध्ये आपल्या राजाला दिला होता. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीत दांडी नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे झुकते, तर सतराव्या शतकातील युरोपीय लष्करी बंदुकीत ती नेमबाजाच्या दिशेने मागे येते. हा फरक चित्रांत व संग्रहालयांत सहज ओळखता येतो. दोहोंस एकाच मापाने मोजणारी वर्णने म्हणूनच जपून वाचावीत.

तोड्याची बंदूक स्वस्त, दणकट आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येण्याजोगी होती. तिचा दोष असा की शिपायाच्या एका हातात विस्तव आणि अंगावर दारू. १६०७ मध्ये याकोब दे खेन याचे कवायतीवरील प्रसिद्ध चित्रग्रंथ प्रकाशित झाले. त्यात हलक्या बंदुकीसाठी ४२, मस्केटसाठी ४३ आणि भाल्यासाठी ३२ अशी एकूण ११७ चित्रे आहेत. आधुनिक वाचकास ही चित्रे पाहून हसू येते. एक बंदूक भरावयास त्रेचाळीस पवित्रे कशासाठी? पुनरभिनय करणाऱ्या मंडळींनी हा क्रम प्रतिकृती हातात घेऊन गिरविला, तेव्हा त्याचे मर्म स्पष्ट झाले. तोडा दांडीतून काढून डाव्या हाताच्या बोटांत धरणे, भरताना तो दारूपासून दूर ठेवणे, वाटीबाहेर सांडलेली रंजक फुंकून टाकणे, वाटी झाकणे, मग तोडा पुन्हा दांडीत बसविणे, तो नेमका वाटीच्या मध्यावर पडतो की नाही हे अजमावणे, त्याची राख फुंकणे, आणि सर्वांत शेवटी वाटी उघडणे. चित्रमालिकेतील कितीतरी पवित्रे विस्तव व दारू यांची गाठ वेळेआधी पडू नये यासाठीच आहेत. कवायत ही शोभा नव्हती, ती जीव वाचविण्याची रीत होती.

यातूनच रांगेचे गणितही उलगडते. पेटलेला तोडा घेऊन उभ्या असलेल्या दोन शिपायांत सुमारे तीन फुटांचे अंतर राखावे लागे. शिवाय भरण्यास वेळ फार. त्यावर विलेम लोडेवाइक याने ८ डिसेंबर १५९४ च्या पत्रात आपला चुलतभाऊ मॉरिस ऑफ नासाऊ यास उपाय सुचविला. पुढच्या ओळीने बार काढून मागे जावे, दुसरीने पुढे यावे, आणि मागे गेलेल्यांनी तोवर बंदुका भराव्यात. ही कल्पना त्याला ईलियनच्या प्राचीन युद्धग्रंथाच्या वाचनातून सुचली होती. ग्रंथालयात बसून केलेल्या वाचनाने रणभूमीची रीत बदलल्याचे असे उदाहरण विरळाच. आमच्यासारख्या पुस्तकी मंडळींना त्याचे थोडे अप्रूप वाटले तर नवल नाही.

चक्र : एक महागडी युक्ती

सोळाव्या शतकाच्या आरंभी चक्राचा चाप निघाला. दातेरी पोलादी चक्र किल्लीने फिरवून कमानीवर ताणावयाचे. चाप ओढताच ते गरकन फिरते आणि त्यावर टेकविलेल्या लोहमाक्षिकाच्या खड्यातून ठिणग्या पडतात. येथे गारगोटी चालत नाही, कारण ती चक्राचे दात झिजविते. पेटता तोडा नको असल्याने ही पिस्तुले घोडेस्वारांना सोयीची झाली आणि अंगरख्याखाली लपविता येऊ लागली. सम्राट पहिला माक्सिमिलियन याने आपल्या अमलात त्यांवर बंदी घातली ती त्यामुळेच. घड्याळजीच्या कौशल्याचे हे यंत्र पायदळास परवडणारे नव्हते. आजही चक्रचापाची चांगली प्रतिकृती महाग व दुर्मीळ असल्याने तीस वर्षीय युद्धातील घोडदळाचा अभिनय करणाऱ्यांची मोठी पंचाईत होते.

चकमक

फ्रान्समध्ये नॉर्मंडीतील लिझ्यू येथील मारँ ल बुर्ज्वा याच्या नावाशी चकमकीच्या पूर्णावस्थेतील चापाचा शोध जोडला जातो. काळ सतराव्या शतकाचा दुसरा दशक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसविलेली असते. समोर पोलादाची उभी पट्टी असून तिचाच खालचा भाग रंजकेच्या वाटीचे झाकण होतो. चाप ओढला की गारगोटी पट्टीवर आपटून खाली घसरते, पट्टी मागे पडून वाटी उघडते आणि ठिणग्या रंजकेत पडतात. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ठिणगी गारगोटीची नसते. गारगोटीची धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण तासून काढते आणि ते घर्षणाने तापलेले कण हवेत जळतात. म्हणजे ठिणगी पोलादाची असते. या एका गोष्टीवर प्रतिकृतींचे निम्मे यशापयश अवलंबून आहे, हे पुढे दिसेल.

चकमकीमुळे विस्तवाची भीती गेली, शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले, आणि तेवढ्याच लांबीच्या रांगेतून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक गोळ्या सुटू लागल्या. त्यास संगिनीची जोड मिळाली. आरंभीची संगीन नळीच्या तोंडात खुंटीसारखी बसविली जाई. १६८९ मध्ये स्कॉटलंडमधील किलिक्रँकी येथे संगिनी बसवीत असतानाच सरकारी फौजेवर डोंगरी स्कॉट तुटून पडले. संगीन बसविली की बार काढता येत नाही, हा दोष त्या दिवशी फार महागात पडला. पुढे नळीभोवती कड्याने बसणारी संगीन आली आणि भालाईत अनावश्यक झाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर पश्चिम युरोपच्या सैन्यांत तोड्याची बंदूक जवळजवळ दिसेनाशी झाली.

फ्रान्सने १७१७ मध्ये आपल्या पायदळासाठी प्रमाणित नमुना ठरविला. त्याची १७६३ व १७७७ ची सुधारित रूपे विशेष गाजली. इंग्रजांची प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’ ही वस्तुतः एक बंदूक नव्हे, ते एक घराणे आहे. लाँग लँड नमुन्याची नळी ४६ इंच, शॉर्ट लँडची ४२ इंच आणि त्यानंतरच्या तिसऱ्या नमुन्याची ३९ इंच. या तिसऱ्याचे नाव ‘इंडिया पॅटर्न’. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी हा आखूड व स्वस्त नमुना इंग्लंडात बनवून घेतला होता. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा कंपनीचा साठा घेण्यात आला आणि पुढे हाच नमुना राजाच्या सैन्याचा झाला. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश पायदळाच्या खांद्यावर मुख्यतः हीच बंदूक होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणींशी वेलस्लीची गाठ पडली, त्याही चकमकीच्या बंदुकांनी सज्ज होत्या. महादजी शिंद्यांच्या सेवेतील द ब्वान्य याने उभारलेल्या त्या फौजेसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली युरोपीय धर्तीच्या बंदुका तयार होत असत. ‘गारदी’, ‘पलटण’, ‘कडाबीन’ हे शब्द मराठीत रुळले ते याच घडामोडींच्या ओघात.

गोळी कोठे जाते?

ब्राउन बेसच्या नळीचा व्यास ०.७५ इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. गोळीचा व्यास मात्र ०.६९ इंच, सुमारे साडेसतरा मिलिमीटर. हे दीड मिलिमीटरचे अंतर निष्काळजीपणाचे नव्हते. दारूच्या अवशेषाने नळी आतून लिंपली जाते, आणि घट्ट गोळी दहा-बारा बारांनंतर ठासली जाणे कठीण. मिनिटाला तीन बार काढावयाचे तर गोळी सैलच हवी. पण सैल गोळी नळीत आपटत आपटत बाहेर पडते आणि शेवटचा स्पर्श ज्या बाजूस होईल त्यानुसार तिला गिरकी मिळते. या गिरकीमुळे ती हवेत एका बाजूस वळते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने हे कारण ओळखले. त्याच्या १७४२ च्या ग्रंथात गोळीचा वेग टांगलेल्या लोलकाने मोजण्याची पद्धतही दिलेली आहे. नेम धरणाऱ्याचे कौशल्य कितीही असो, गुळगुळीत नळीची गोळी शंभर मीटरनंतर त्याचे ऐकत नाही.

वर्गात अठराव्या शतकातील लढाया शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, ही माणसे उघड्यावर रांगेत उभी राहून गोळ्या का खात होती?’ त्याचे उत्तर या दीड मिलिमीटरमध्ये आहे. एकट्याची गोळी बेभरवशाची, म्हणून शंभरांची फैर.

याविषयीचा सर्वांत मोलाचा पुरावा प्रतिकृतींवरून आलेला नाही, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १६४० च्या दशकात बांधलेले शस्त्रागार आजही सुमारे ३२ हजार वस्तूंसह उभे आहे. तेथील निवडक मूळ बंदुकांवर १९८८-८९ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याच्या साहाय्याने चाचण्या घेण्यात आल्या. बंदुका यांत्रिक चौकटीत जखडून दुरून उडविण्यात आल्या. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरच्या आसपास भरला, म्हणजे आजच्या साध्या लष्करी पिस्तुलाहून अधिक. मात्र शंभर मीटरवरील मनुष्याकृतीएवढ्या लक्ष्यावर चौकटीत जखडूनही निम्म्याच्या आसपासच गोळ्या बसल्या. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने ओसरतो, त्यामुळे जवळून भयंकर आणि दुरून दुबळी, असे या शस्त्राचे स्वरूप दिसते. ल्युट्झेनच्या रणभूमीवर २०११ मध्ये सापडलेल्या सामूहिक कबरीत ४७ सांगाडे होते; त्यांपैकी निम्म्याच्या आसपास सांगाड्यांवर गोळीच्या जखमा दिसून आल्या.

प्रतिकृती : बाहेरची आणि आतली

आता प्रतिकृतीकडे वळू. उत्तर इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव शतकानुशतके बंदुकांच्या नळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. बेरेत्ता घराण्याने १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागारास १८५ नळ्या पुरविल्याची नोंद याच खोऱ्यातील. तेथेच १९५७ मध्ये स्थापन झालेली दाविदे पेदेर्सोली ही कंपनी आज ब्राउन बेस व फ्रेंच १७७७ नमुन्याच्या प्रतिकृती बनविते. अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या काळात जपानमधील मिरोकू कारखान्यानेही अशा प्रतिकृती पुरविल्या. तिसरा आणि संख्येने मोठा पुरवठादार भारत आहे; त्याविषयी पुढे.

या प्रतिकृती दिसावयास हुबेहूब असतात. तथापि मूळ नळी ही लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळून, शिवण ठोकून जोडलेली असे. आजची नळी भरीव पोलादी दांड्यात भोक पाडून किंवा तयार नळकांड्यापासून होते. मूळ नळी तोंडाकडे पातळ होत जाई. आजचा कारखानदार सुरक्षिततेसाठी जाडी राखतो. परिणामी तोल बदलतो आणि बंदूक तोंडाकडे जड लागते. मूळ दस्ता अक्रोडाचा व सडपातळ. प्रतिकृतींचा पुष्कळदा जाडजूड. मूळ बंदुका हाताळलेली माणसे सांगतात की पहिला धक्का त्यांच्या हलकेपणाचा बसतो. म्हणून ‘त्या काळचे शिपाई किती बलदंड असतील!’ असा उद्गार प्रतिकृती उचलून काढणाऱ्याने जरा थांबावे.

नमुन्यांचा गोंधळ तर विचारूच नये. बाजारातील एका प्रचलित ब्राउन बेस प्रतिकृतीच्या चापपट्टीवर ‘ग्राइस १७६२’ अशी अक्षरे असतात. ग्राइस हा खरा कारागीर आणि १७६२ ही त्याच्या काळातील तारीख. पण ती अक्षरे आहेत शॉर्ट लँड नमुन्यावर, जो पायदळाचा सर्वसाधारण नमुना म्हणून १७६८ नंतर स्थिरावला. परिणामी १७५६ ते १७६३ च्या सप्तवर्षीय युद्धाच्या पुनरभिनयात कितीतरी रांगा पुढच्या दशकातील बंदूक खांद्यावर घेऊन उभ्या असतात. प्रेक्षकास कळत नाही. पण छायाचित्र पुस्तकात छापले जाते आणि पुढच्या अभ्यासकाला तोच पुरावा वाटू लागतो. लेखकाच्या मते प्रतिकृतींचा हा धोका नळी फुटण्याच्या खालोखाल आहे.

मग प्रतिकृतीपासून शिकावयाचे काय? हालचाल, क्रम, वेळ, धूर. दोन फैरींनंतर समोरचे काही दिसत नाही, हुकूम ऐकू येत नाही आणि नगाऱ्याचे प्रयोजन कळते. गारगोटी वीस-पंचवीस बारांनंतर बोथट होते, पावसाची सर आली की रंजकेचा चिखल होतो. या गोष्टी हात काळे केल्याखेरीज अंगी भिनत नाहीत. नेम व मारा यांविषयी मात्र प्रतिकृतीचे म्हणणे कमी आणि ग्राझचे अधिक ऐकावे.

शिवाय पुनरभिनयात गोळी कधीच भरत नाहीत. पुष्कळ मंडळांत मैदानावर गज नळीत घालण्यासच मनाई आहे, कारण घाईत गज आत राहिला तर तो भाल्यासारखा सुटतो. कागदाचा बोळाही वर्ज्य. रंजकेच्या वाटीभोवती पितळेचे पाखे बसवितात, म्हणजे कानातून बाहेर येणारा लोळ उजव्या बाजूच्या माणसाच्या तोंडावर जात नाही. हे पाखे मूळ शिपायाकडे नव्हते. त्याच्या उजव्या बाजूच्या सोबत्याचा गाल भाजत असे, एवढाच त्याचा अर्थ. अस्सलपणाचा आग्रह येथे सोडलेला योग्यच होय.

नळीची हमी आणि भारतीय कारागीर

ब्रिटनमध्ये नळीची अधिकृत कसोटी घेतल्याशिवाय बंदूक विकणे हा गुन्हा आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले आणि १८६८ च्या कायद्याने ही व्यवस्था दृढ केली. नेहमीपेक्षा मोठा बार भरून नळी उडवावयाची. ती टिकली तर तिच्यावर ठसा मारावयाचा, फुटली तर कसोटीगृहातच फुटते. अनेक युरोपीय देशांनी १९१४ पासून एका आंतरराष्ट्रीय आयोगाद्वारे एकमेकांचे ठसे मान्य केले आहेत. भारत या आयोगाचा सदस्य नाही. अमेरिकेत तर अशी सक्तीची कसोटीच नाही, आणि १९६८ च्या तेथील संघीय कायद्यान्वये ठासणीच्या बहुतेक प्रतिकृती ‘बंदूक’ या व्याख्येतही बसत नाहीत. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

भारतातील कारखान्यांतून हाताने कानस मारून घडविलेल्या या बंदुका इटालियन बंदुकांपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. शिवाय मोठे कारखाने ज्या नमुन्यांकडे ढुंकून पाहत नाहीत, ते लाँग लँड, तोड्याच्या मस्केटी व सतराव्या शतकातील आरंभीचे चाप येथेच मिळतात. सामान्य उत्पन्नाच्या हौशी माणसाला सतराव्या शतकाच्या रांगेत उभे राहता येते ते पुष्कळदा या मालामुळेच. निर्यातीत अडचण नको म्हणून त्या अनेकदा कान न पाडता, म्हणजे शोभेची वस्तू म्हणून पाठविल्या जातात. कान खरेदीदाराच्या देशात पाडला जातो.

यावरून परदेशातील मंडळांत दोन तट पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की नळकांड्याचे पोलाद कोणते, बुडाचा आट्यांचा खिळा किती घट्ट, हे कोणास ठाऊक नाही आणि ठसा नाही, तेव्हा ही वस्तू रांगेत नकोच. दुसरा पक्ष म्हणतो की नळी फुटण्यामागे दुहेरी बार, अडकलेला बोळा अशी वापरणाऱ्याची चूकच बहुधा असते, आणि ती चूक इटालियन नळीलाही माफ करीत नाही. लेखकास दोन्हींत तथ्य दिसते. ‘भारतीय माल’ हा शब्द कोणतीही चाचणी न करता ‘निकृष्ट’ या अर्थी वापरणे अन्यायाचे आहे. परंतु कसोटीचा ठसा नाही ही उणीव खरी आहे, आणि ती देशाभिमानाने भरून निघत नाही. चकमकीची पोलादी पट्टी पुष्कळदा मऊ निघते हा आक्षेपही रास्त आहे. पट्टीला कर्बाची कठीण साय चढविली नसेल तर गारगोटी नुसते ओरखडे काढते आणि ठिणगी पडत नाही. खरेदीदार ती पुन्हा तापवून, कठीण करून घेतो.

एक गोष्ट मात्र मनास चुटपुट लावते. १७९० च्या दशकात इंग्लंडात बनून हिंदुस्थानासाठी निघालेल्या बंदुकीला ‘इंडिया पॅटर्न’ हे नाव मिळाले. आज हिंदुस्थानात बनून इंग्लंड-अमेरिकेस जाणाऱ्या बंदुकीवर राजमुकुट आणि ‘टॉवर’ ही अक्षरे कोरलेली असतात. इटालियन प्रतिकृतीवर निदान कंपनीचे नाव आणि ग्राइसची आठवण असते. कानस धरणाऱ्या भारतीय हाताचे नाव कोठेच नसते.

व्यवहारात जाणते मंडळ पुढील रीत पाळते. बंदूक आली की प्रथम बुडाचा खिळा कोठे संपतो हे गज घालून मोजावयाचे. कान त्या खिळ्याच्या पुढे आणि रंजकेच्या वाटीच्या मध्यावर आला पाहिजे. तो मागे पडला तर खिळ्याच्या आट्यांत घुसतो आणि नळीचा सर्वांत नाजूक सांधा उघडा पाडतो. फार खाली पडला तर रंजकेखाली बुडतो आणि ज्वाळा उडी मारण्याऐवजी वातीसारखी जळत आत जाते. चाप ओढणे आणि बार होणे यांत क्षणभराचे अंतर पडते, आणि त्या क्षणी नवखा शिपाई बंदूक खाली घेतो. कान पाडून झाल्यावर ब्रिटनमधील खरेदीदार बंदूक कसोटीगृहाकडे धाडतो. तेथे मोठा बार भरून ती बंद खोलीत उडविली जाते, आणि परत येते तेव्हा नळीच्या बुडाशी, राजमुकुटापासून थोड्या अंतरावर, एक लहानसा नवा ठसा असतो.